जुनें घर, नवीं उपकरणें : विजेच्या भाराचा हिशेब



आष्ट्यांतील एखादें जुनें माडीचें घर डोळ्यांपुढें आणावें. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ सालीं वीज देऊं लागला. त्या पिढींत अशा घरांतून ज्या तारा ओढल्या गेल्या, त्या लांकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या, पुष्कळदां अॅल्युमिनियमच्या, आणि चार-सहा दिवे, एक-दोन पंखे व एक रेडिओ एवढ्याच संसारापुरत्या. आज त्याच घरांत न्हाणीमध्यें गिझर येतो, माडीवर एअरकंडिशनर बसतो आणि रात्रीं ओसरीवर विजेची स्कूटर चार्जिंगला लागते. घरधनी विचारतो, "हें सारें आमच्या मीटरला झेपेल काय?" वायरमन उंबऱ्यावरूनच सांगतो, "झेपेल कीं!" दुसरा कोणी म्हणतो, "थ्री फेज घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं." दोघांनींही हिशेब केलेला नसतो. पहिल्याच्या उत्तरांत आगीचें भय आहे, दुसऱ्याच्या उत्तरांत कदाचित् नाहक खर्च.

हा हिशेब अवघड नाहीं. प्रत्येक उपकरणावर वॅटचा आंकडा असतो. आपल्या घरांतील दाब २३० व्होल्ट. वॅटना २३० नें भागलें कीं अँपिअर येतात. पंप व एअरकंडिशनर यांचे अँपिअर या भागाकाराहून थोडे अधिक भरतात आणि मोटार सुरू होतांना तर क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते, हें मात्र ध्यानांत असावें.

आतां आपल्या घराची यादी करूं. नऊ वॅटचे दहा दिवे ९०, पंचाहत्तर वॅटचे चार पंखे ३००, टीव्ही १००, फ्रीज २००, मिक्सर ७५०, इस्त्री १०००, एक अश्वशक्तीचा पंप, तारेंतून घेतो सुमारें १०००. हा जुना संसार ३४४० वॅटचा. नवी भर म्हणजे गिझर २०००, एअरकंडिशनर १६००, स्कूटरचा चार्जर ८००, मिळून ४४००. एकंदर ७८४० वॅट, म्हणजे ३४ अँपिअर. मुख्य स्विच ३२ अँपिअरचा असेल तर या बेरजेनें घरधनी घाबरणारच.

परंतु इस्त्री, मिक्सर, पंप आणि टीव्ही एकाच घटकेला कधीं चालतात? घराचा खरा भार म्हणजे सर्व वस्तूंची बेरीज नव्हे, तर एका वेळीं पडणारी सर्वांत मोठी मागणी. अमेरिकेच्या विद्युत्-संहितेंत जुन्या जोडणीसाठीं एक शहाणपणाचा मार्ग दिला आहे. मागील वर्षभरांत नोंदलेली महत्तम मागणी घ्यावी, ती सव्वापट करावी आणि तींत नवीं उपकरणें पुरतीं मिळवावीं. वर्षभराचा आग्रह आपल्याकडेही सार्थ आहे, कारण चैत्र-वैशाखांतील रात्र आणि माघांतील पहाट यांच्या गरजा निरनिराळ्या. नोंद मिळत नसेल तर वायरमनकडील चिमट्यासारखें मापक मुख्य तारेस लावून गर्दीच्या वेळीं निरनिराळ्या दिवशीं प्रवाह पाहावा; एका दिवसाच्या पाहणीवर विसंबूं नये.

समजा, सकाळीं पंप, मिक्सर, फ्रीज, पंखे आणि दिवे मिळून २३४० वॅट भरले. त्याचे सव्वापट २९२५. नवे ४४०० मिळवून ७३२५, म्हणजे जवळजवळ ३२ अँपिअर. अगदीं कांठावर, आणि मोटारींचा वाढावा धरला तर कांठाबाहेरच. तरी थ्री फेजचा अर्ज लिहिण्याची घाई नको. गिझर आणि एअरकंडिशनर या दोहोंपैकीं एका वेळीं एकच चालेल असा बदल-स्विच बसविला, तर १६०० वॅट वजा होऊन ५७२५ उरतात. म्हणजे २५ अँपिअर. घरांतील मंडळींनीं "आम्ही लक्ष ठेवूं" म्हटलें, तर तें हिशेबांत धरूं नये. पाहुणे आले कीं अशा वचनांचें काय होतें, हें सर्वांस ठाऊक आहे.

येथवर मुख्य स्विच निभावला. तारेचा प्रश्न तसाच आहे. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. जी तार तीन अँपिअर वाहत होती तिच्यावर नऊ अँपिअरचा गिझर टाकला, तर प्रवाह तिप्पट, पण उष्णता नऊपट. चिनी मातीच्या फ्यूजमधील बारीक तार अशा वेळीं वितळते, आणि तिनें वितळावें हेंच तिचें काम. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार पिळून घालणारे कारागीर गांवोगांवीं आहेत. त्यानंतर तापते ती भिंतीवरची तार, आणि तिच्याखालीं लांकडी पट्टी असते. हा उपाय मला गुन्ह्यासारखा वाटतो.

म्हणून गिझर, एअरकंडिशनर आणि चार्जर यांना मुख्य फलकापासून तांब्याच्या स्वतंत्र तारा, ज्याचा त्याचा एमसीबी आणि खात्रीची अर्थिंग द्यावी. फलकावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षकही असावा. वीजबिलावर छापलेला 'मंजूर भार' नव्या हिशेबाहून कमी असल्यास महावितरणकडे तो वाढवून घ्यावा, म्हणजे खांबापासून येणारी तार व मीटर हीं पुरेशीं आहेत कीं नाहींत तेंही पाहिलें जाईल. आणि काम चालू असतां एक गोष्ट समोर उभें राहून पाहावी : जुनी अॅल्युमिनियमची तार व नवी तांब्याची तार एकमेकींस नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळूं देऊं नये. असा सांधा हळूहळू गंजतो व सैल पडतो, आणि मग फ्यूजला न कळतां तापत राहतो. तेथें दोन्ही धातूंस चालणारा जोडच मागून घ्यावा.