दुर्गम भागातली ऊर्जा-नोकरी आणि स्पॉन्सरशिप : ऑस्ट्रेलियाविषयीचे काही गैरसमज

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला सुमारे १,५०० किलोमीटरवर, लाल मातीच्या पिलबरा प्रदेशात, समुद्रकाठी कराथा हे शहर आहे. समुद्रातून आलेला नैसर्गिक वायू इथे थंड करून द्रवरूप (एलएनजी) केला जातो आणि जहाजांनी बाहेर पाठवला जातो. नॉर्थ वेस्ट शेल्फ प्रकल्पाची पहिली खेप १९८९ मध्ये जपानला गेली. पुढे बॅरो बेटावरचा गॉर्गन प्रकल्प (पहिली खेप २०१६), डार्विनजवळचा इक्थिस (२०१८) आणि क्वीन्सलँडमध्ये ग्लॅडस्टनसमोरच्या कर्टिस बेटावरचे तीन प्रकल्प उभे राहिले. मुंबई हायचे फलाट, उरणचा वायुप्रक्रिया प्रकल्प किंवा दाभोळचे एलएनजी टर्मिनल इथे ज्यांनी कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि व्हॉल्व्ह हाताळले, त्यांना तिकडची यंत्रे अनोळखी नाहीत. त्यामुळे अशा नोकऱ्यांची चौकशी महाराष्ट्रातही होते. अडचण यंत्रांची नसते, नियमांबद्दलच्या ऐकीव माहितीची असते.

‘ठिकाण आडबाजूचे असले की कंपनी कोणालाही बोलावते’

हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे. स्पॉन्सरशिप, म्हणजे परदेशी माणसाच्या व्हिसासाठी कंपनीने पुरस्कर्ता होणे, गावाकडे पाहून मिळत नाही, व्यवसायाकडे पाहून मिळते. ७ डिसेंबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियात ‘स्किल्स इन डिमांड’ हा व्हिसा (उपवर्ग ४८२) लागू आहे. त्याच्या मुख्य प्रवाहासाठी सरकारने ४५६ व्यवसायांची यादी केली. इलेक्ट्रिशियन, फिटर, विद्युत अभियंता असे व्यवसाय तिच्यात आहेत. नुसता हेल्पर, रिगवरचा मदतनीस किंवा कामगारांच्या छावणीतला सफाई कर्मचारी त्यात बसत नाही. उमेदवाराकडे त्या कामाचा किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. पगारालाही तळमर्यादा आहे : १ जुलै २०२५ पासून ती वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, आणि ती दरवर्षी वाढवली जाते. शिवाय त्याच कामासाठी ऑस्ट्रेलियन माणसाला जो पगार मिळतो, त्याहून कमी देता येत नाही. म्हणजे बाहेरचा माणूस स्वस्तात पडतो म्हणून त्याला बोलावण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

कंपनीलाही झीज सोसावी लागते. साधारणपणे आधी किमान चार आठवडे देशात जाहिरात द्यावी लागते. त्यावर प्रशिक्षण निधीचा कर असतो, लहान कंपनीला व्हिसाच्या प्रत्येक वर्षामागे १,२०० आणि मोठ्या कंपनीला १,८०० डॉलर. एवढे करण्यापेक्षा स्थानिक माणूस घेणे तिला सोपे जाते, आणि दुर्गम ठिकाणीही स्थानिक माणूस मिळतो. याचे कारण ‘फ्लाय-इन फ्लाय-आउट’ पद्धत. कामगाराचे घर पर्थला असते. कंपनी त्याला विमानाने नेते, तो दोन आठवडे रोज बारा तास काम करतो, मग रजेवर घरी परततो. राहणे-जेवणे छावणीत, पगार घसघशीत. अशा नोकरीसाठी शहरांतून रांगा लागतात. म्हणूनच अनेक जाहिरातींच्या तळाशी ‘ऑस्ट्रेलियात काम करण्याचा पूर्ण हक्क आवश्यक’ अशी ओळ असते. या ओळीचा अर्थ सरळ आहे, की त्या जागेसाठी स्पॉन्सरशिप नाही. ही ओळ दिसल्यावरही अर्ज करत राहण्यात महिने वाया जातात.

आणखी एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. प्रकल्प बांधला जात असताना हजारो हात लागतात. तो सुरू झाला की काहीशे माणसे पुरतात. बांधकामाच्या काळातल्या भरतीच्या गोष्टी ऐकून चालू प्रकल्पाकडून तशाच भरतीची अपेक्षा धरणे फसवे ठरते. चालू प्रकल्पांत मागणी असते ती देखभालीची. ठरावीक काळाने कारखाना बंद करून मोठी दुरुस्ती होते, ज्याला आपल्याकडेही ‘शटडाउन’च म्हणतात. तिच्यासाठीची बरीच माणसे मूळ कंपनीऐवजी तिचे कंत्राटदार घेतात. त्यामुळे शोध तेल-वायू कंपन्यांच्या नावांपाशी न थांबता देखभालीच्या कंत्राटदारांपर्यंत न्यावा लागतो.

यादीबाहेरच्या किंवा निमकुशल कामांसाठी नॉर्दर्न टेरिटरी, पिलबरा, गोल्डफील्ड्स अशा काही भागांचे केंद्र सरकारशी वेगळे करार आहेत. त्यांत वय, इंग्रजी आणि पगार यांबाबत काही सवलती मिळू शकतात. पण या करारांचे दार कंपनीच्या बाजूने उघडते : आधी कंपनीने त्या भागातल्या नेमलेल्या संस्थेची मान्यता मिळवायची, मग उमेदवाराचा विचार. उमेदवाराला थेट अर्ज करता येत नाही.

‘रीजनल म्हणजे निर्जन’

व्हिसाच्या भाषेत ‘रीजनल’ हा शब्द फार व्यापक आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळली तर जवळपास सगळा देश त्यात मोडतो. पर्थ आणि ॲडलेड यांच्यासारखी मोठी शहरेही नोव्हेंबर २०१९ मध्ये लागू झालेल्या व्याख्येनुसार त्यात धरली जातात. त्याच महिन्यात सुरू झालेला उपवर्ग ४९४ चा व्हिसा अशा भागातल्या मालकाच्या स्पॉन्सरशिपवर मिळतो. त्याची मुदत पाच वर्षे. वय ४५ पेक्षा कमी, त्या व्यवसायातला तीन वर्षांचा अनुभव, कौशल्य-मूल्यांकन आणि आयईएलटीएसच्या चारही भागांत किमान ६ गुण या त्याच्या सर्वसाधारण अटी आहेत. व्हिसा मिळाल्यावर रीजनल भागातच राहावे आणि काम करावे लागते. तीन वर्षांनंतर, त्या वर्षांचे आयकराचे कागद जोडून, १९१ या कायम निवासाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो.

विमानाने ये-जा करणाऱ्यांसाठी इथे एक खाच आहे. ४९४ वर असलेला माणूस पर्थला राहून कराथ्याला ये-जा करू शकतो, कारण दोन्ही ठिकाणे रीजनल आहेत. पण ब्रिस्बेनला बिऱ्हाड थाटून ग्लॅडस्टनला जाणे अटीचा भंग ठरते. करातही असाच फरक आहे. दुर्गम प्रदेशात राहणाऱ्यांना मिळणारी कर-सवलत २०१५-१६ पासून ये-जा करणाऱ्यांना मिळत नाही. नेहमीचे घर त्या प्रदेशात असावे लागते. पगाराचा हिशेब मांडताना ही सवलत गृहीत धरली तर आकडा चुकतो.

पीआर, म्हणजे कायम निवास, फक्त दुर्गम भागातूनच मिळते, हेही खरे नाही. ४८२ वर मान्यताप्राप्त मालकाकडे दोन वर्षे काम झाल्यावर मालकाच्या नामांकनाने १८६ हा कायम व्हिसा मागता येतो, मग ती नोकरी शहरातली असो वा खेड्यातली.

‘डिग्री आणि सेफ्टीचा कोर्स असला की झाले’

अभियंत्यांचे मूल्यांकन ‘इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये कायम सदस्य झाला. पण त्याचा लाभ भारताच्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने ‘टियर-१’ म्हणून मान्य केलेल्या अभ्यासक्रमांनाच आहे. बाकीच्यांना स्वतःच्या कामाचे तीन सविस्तर वृत्तांत लिहून क्षमता दाखवावी लागते. हे वृत्तांत विकत लिहून देणारे अनेक आहेत. नक्कल पकडली गेली तर अर्ज फेटाळला जातो आणि काही काळ पुन्हा अर्ज करण्यावर बंदी येते. खऱ्या अनुभवाच्या माणसाने दुसऱ्याच्या नकलेपायी स्वतःची वाट बंद करून घ्यावी, यासारखे दुःख नाही.

आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनचे मूल्यांकन वेगळ्या सरकारी यंत्रणेमार्फत, ‘ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया’कडून होते. त्यात उत्तीर्ण झाल्यावरही राज्याचा परवाना मिळेपर्यंत स्वतंत्रपणे वायरला हात लावता येत नाही. आधी ऑस्ट्रेलियन नियमांचे प्रशिक्षण आणि देखरेखीखालचे काम पूर्ण करावे लागते. महाराष्ट्रातले बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्रही तिकडे परवाना ठरत नाही, कारण बॉयलर चालवणे हे तिथे जोखमीचे काम मानून त्याला स्वतंत्र परवाना ठेवला आहे. समुद्रातल्या फलाटांसाठीचे बोसिएट प्रशिक्षण उपयोगी खरे. पण केवळ त्याने नोकरी मिळत नाही.

‘स्पॉन्सरशिपसाठी पैसे मोजावेच लागतात’

सर्वांत जास्त नुकसान याच समजाने होते. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून लोक स्पॉन्सरशिप ‘विकत’ घेतात. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे किंवा अन्य लाभ मागणे, घेणे आणि देऊ करणे हा कायदेभंग आहे. यात देणाराही सापडतो आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. प्रशिक्षण निधीचा कर, नामांकनाचा खर्च आणि भरतीचा खर्च कंपनीनेच सोसायचा असतो; पगारातून कापून तो वसूल करता येत नाही. उमेदवाराने स्वतःच्या व्हिसा अर्जाचे शुल्क, वैद्यकीय तपासणी, इंग्रजीची परीक्षा आणि स्वतः नेमलेल्या सल्लागाराची फी भरणे मात्र कायदेशीर आहे.

सल्लागार ऑस्ट्रेलियातला असेल तर तो नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील असावा लागतो. एजंटाचा सात आकडी नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. भारतातून परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे. त्याचे नाव ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येते, आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो. मुलाखत न घेता ऑफर लेटर आले, पत्र कंपनीच्या अधिकृत ईमेलऐवजी मोफत ईमेलवरून आले, किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागितले, तर ती नोकरी नाही असे समजून पुढे जावे.

‘एकदा गेले की मालकाच्या मुठीत’

पूर्वी या भीतीत बराच अर्थ होता. १ जुलै २०२४ पासून ४८२ आणि ४९४ वरच्या माणसाने नोकरी सोडली किंवा ती गेली, तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या संपूर्ण मुदतीत मिळून ३६५ दिवस मिळतात. त्या काळात दुसरीकडे कामही करता येते.

‘स्पॉन्सर नाही तर मार्गच नाही’

राज्याच्या नामांकनाने गुणांवर आधारित व्हिसा मिळतो. रीजनल भागासाठीचा उपवर्ग ४९१ हा त्यांपैकी एक. नव्या पदवीधरांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया करारातून ‘मेट्स’ ही योजना सुरू झाली. तिच्यात वर्षाला ३,००० भारतीयांना, वय ३० पर्यंत असल्यास, दोन वर्षांपर्यंत ऑस्ट्रेलियात काम करता येते. मालकाच्या स्पॉन्सरशिपची अट नाही. क्षेत्रांमध्ये अपारंपरिक ऊर्जा, खाणकाम आणि अभियांत्रिकी आहेत. पदवी ठरावीक भारतीय विद्यापीठांची आणि अलीकडच्या दोन वर्षांतली असावी लागते, आणि निवड म्हाडाच्या घरांसारखी सोडतीने होते. हा व्हिसा स्वतःहून पीआर देत नाही. पण ज्या जाहिरातींमध्ये ‘स्थानिक अनुभव’ मागितलेला असतो, त्यांच्यासाठी लागणारा अनुभव याच दोन वर्षांत मिळू शकतो.