पुरुषांचे टक्कल : केस कुठले गेले आणि किती दिवसांत गेले?

चंदीगडला शिकायला आलेली मुले पहिल्याच सत्रात तक्रार करतात, "इथल्या पाण्याने केस गळतात." क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतो, मधेच तुटतोही, पण तो जिथून उगवतो त्या रोमकूपापर्यंत हा परिणाम जात नाही. मग टक्कल का पडते?

केसाचे चक्र

डोक्यावर सुमारे १ लाख रोमकूप असतात. प्रत्येक केस २ ते ७ वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे त्याची वाढ थांबत जाते आणि साधारण ३ महिने विश्रांती घेऊन तो गळतो. त्याच जागी नवा केस येतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे.

पुरुषी टक्कल

टेस्टोस्टेरॉनचे एका एन्झाइममुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजेच डीएचटी, बनते. कपाळाच्या कडेचे आणि टाळूवरचे रोमकूप आनुवंशिकतेने डीएचटीला संवेदनशील असतील, तर दर चक्रात वाढीचा काळ आखूड होतो, रोमकूप लहान होतो आणि जाड केसाच्या जागी बारीक लव उरते. डोक्याच्या मागच्या भागातले रोमकूप मात्र टिकतात. केशरोपणासाठी केस तिथूनच घेतात. डीएचटीला प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे आईकडून येते. पण इतरही अनेक जनुके कारणीभूत असल्याने "मामावर गेला" हे अर्धेच खरे.

जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले, की वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही. म्हणजे हार्मोन आणि आनुवंशिकता दोन्ही लागतात.

शेगावचा धडा

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही दिवसांतच लोकांची डोकी उघडी पडली. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. हे डीएचटीचे काम असणे शक्य नव्हते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. हा गहू पंजाबातून आल्याचे सांगितले गेले. आमच्या चंदीगडपासून फार दूर नसलेल्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात सेलेनियमयुक्त जमिनी आहेतच.

आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या खालीच बसते. केसाच्या केराटिनला बळकटी देणारे बंध गंधकाचे असतात आणि जादा सेलेनियम त्यांत ढवळाढवळ करते, असे मानले जाते. नखेही केराटिनचीच, पुढे त्याच गावांतून नखे गळण्याच्या तक्रारी आल्या.

स्वतःचे निदान करण्यापूर्वी

कपाळाच्या कडा किंवा टाळू वर्षानुवर्षे विरळ होत असेल, तर पुरुषी टक्कल असण्याची शक्यता मोठी. डीएचटी कोणत्याही तेलाने धुऊन जात नाही. फिनास्टेराइड ते कमी करते, मिनॉक्सिडिल केसाची वाढ लांबवते. ही औषधे उरलेले रोमकूप राखतात आणि बंद केली की फायदा ओसरतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जावे, मनाने औषध घेऊ नये.

केस अचानक, सगळीकडून किंवा चट्ट्यांत गेले, तर कारण दुसरे शोधावे लागते : मोठा ताप, थायरॉइड, एखादे औषध, नाहीतर ताटातले अन्न. अशा वेळी बाटलीत पैसे घालण्याआधी तपासणी करा. घरातल्या इतरांचेही केस जात असतील, तर आरोग्य केंद्राला कळवा.