काटापट्टीवरील ठिपके : डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची निगा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी त्यापूर्वीपासूनच प्रसिद्ध आहे. मिरची असो, कापूस असो वा शहादा-तळोद्याकडील ऊस असो, माल काट्यावर चढला की त्याच्या वजनाचा लेखी पुरावा म्हणून शेतकऱ्याच्या हाती काटापट्टी येते. पुष्कळ भुईकाट्यांवर ही पट्टी आजही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली जाते. या यंत्राची सुई प्रत्यक्ष कागदावर आघात करते. त्यामुळे कार्बन लावून एकाच वेळी दोन-तीन प्रती निघतात. उष्णतेने छापलेल्या पावतीवरील अक्षरे ऊन व काळ यांनी पुसट होतात. शाईने उमटलेली अक्षरे त्या मानाने दीर्घकाळ टिकतात.

अक्षर कसे उमटते

या यंत्राच्या छपाई-मुखात बारीक तारेसारख्या सुया उभ्या रांगेत बसविलेल्या असतात. साध्या यंत्रात त्या ९, तर अधिक सुबक छपाईच्या यंत्रात २४ असतात. प्रत्येक सुईमागे विद्युतचुंबक असतो. मुख कागदावरून आडवे सरकत असता चुंबकाच्या योगाने ठराविक क्षणी ठराविक सुया पुढे येतात, शाईच्या फितीवर आदळतात व कागदावर ठिपके उमटतात. शिरोरेषा काढावयाची असल्यास एकच सुई ओळीने ठोके देत जाते. काना काढावयाचा असल्यास अनेक सुया एकदम आघात करतात. देवनागरीत वर मात्रा व खाली उकार असल्याने नऊ ठिपक्यांची उंची अपुरी पडते. म्हणून मराठी मजकुरासाठी मुख एकाच ओळीवर पुन्हा फिरवावे लागते, किंवा २४ सुयांचे यंत्र वापरणे सोयीचे ठरते.

एक सुई निकामी झाल्यास

सुई तुटली वा अडकली की प्रत्येक अक्षरातून त्याच उंचीवर एक पांढरी आडवी रेघ जाते. शब्दांत ती चालून जाते, आकड्यांत मात्र घोटाळा करते. सात ठिपके उंचीच्या साध्या आकड्यांत मधली, म्हणजे चौथी सुई निकामी झाली तर इंग्रजी आठाचा मधला सांधा नाहीसा होतो व तो शून्यासारखा दिसतो. वरची सुई गेल्यास इंग्रजी साताची माथ्यावरील रेघ उडते व तो एकासारखा भासतो. तळाची सुई गेल्यास दशांशचिन्ह पुसट होते. काटा अचूक असूनही पट्टीवरील वजन चुकीचे वाचले जाण्याचा धोका यातूनच उद्भवतो.

निगा कशी राखावी

मिरचीची भुकटी, कापसाचे तंतू व रस्त्याची धूळ हे या यंत्राचे शत्रू होत. काम संपताच त्यावर आच्छादन घालावे. आठवड्यातून एकदा वीज बंद करून, मऊ कुंचल्याने आतील धूळ व कागदाचा भुसा काढावा. छपाईनंतर मुख अतिशय तापलेले असते. ते निवेपर्यंत त्यास हात लावू नये. मुखात तेल सोडू नये.

फीत पुसट होताच बदलावी. फितीतील शाई सुयांना वंगणाचेही काम देते. कोरड्या फितीवर सुया झिजतात आणि विरलेल्या फितीच्या धाग्यात अडकून तुटतात. शिक्क्याची शाई ओतून जुनी फीत चालविण्याची काटकसर अंती महागात पडते.

प्रतींची संख्या बदलली की कागदाच्या जाडीचा खटका त्याप्रमाणे सरकवावा. अंतर फार कमी राहिल्यास कागद डागाळतो. फार जास्त राहिल्यास खालची प्रत कोरी निघते. कागदाविना छपाई करू नये. कागद अडकल्यास वीज बंद करूनच तो हलकेच काढावा.

रोज सकाळी पहिल्या गाडीपूर्वी शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे एकदा छापून पाहणे इष्ट होय. स्वच्छता करूनही पांढरी रेघ राहिल्यास कारागिरास बोलवावे.

शेतकऱ्याने घ्यावयाची दक्षता

पट्टी हाती येताच काट्याच्या पडद्यावरील वजन व छापील वजन तेथेच पडताळून पाहावे. आकडा अस्पष्ट असल्यास पट्टी पुन्हा छापून मागावी. पेनाने गिरवून घेऊ नये. आपल्या हाती आलेली कार्बन प्रत स्वच्छ वाचता येते की नाही हे विशेष पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच ही गोष्ट शेतकऱ्यांच्या निदर्शनास आणणे हितावह ठरेल.