नातवाच्या गणवेशावरील बॅजचे मोल

घरातील मुलगा 'राष्ट्रपती स्काऊट' झाला, अथवा मुलीला 'राष्ट्रपती गाईड'चा मान मिळाला, की आईवडिलांच्या मनात बहुधा पहिला प्रश्न उमटतो तो पुढील प्रवेशात याचा काय उपयोग, असा. आजोबांना मात्र असा प्रश्न पडत नाही. प्रमाणपत्र चौकटीत बसवून आणण्यापासून शेजाऱ्यांना पेढे वाटण्यापर्यंत सारे तेच हौसेने करतात. हे कौतुक म्हणजे निव्वळ नातवंडांचे लाड, असे समजणे योग्य ठरणार नाही. त्यामागे एक जाण असते.

हा सन्मान स्पर्धेतील बक्षिसासारखा नाही. येथे कुणाला हरवायचे नसते. वयाच्या दहाव्या वर्षी मूल स्काऊट पथकात येते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर ठरावीक काळ काम करून चाचणी द्यावी लागते. त्यामुळे आदल्या रात्री जागून अभ्यास करण्याचा मार्ग येथे उपलब्ध नाही. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशा व होकायंत्रावरून दिशा ओळखणे, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक करणे, तंबू उभारणे, समाजसेवा या गोष्टी हातांनीच शिकाव्या लागतात. रीफ नॉट ही साधी गाठ जखमेवरील पट्टी बांधताना उपयोगी पडते. ती ताणली तर सुटत नाही, पण सोडायची म्हटली तर सहज सुटते. अशी गाठ पुस्तकातून पाठ करता येत नाही.

आजोबांच्या पिढीला या चळवळीचे महत्त्व वाटते, त्याला इतिहासाचीही किनार आहे. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर घेतले आणि तेथून ही चळवळ जगभर पसरली. भारतात ती १९०९ मध्ये आली खरी, पण प्रारंभी तिचे दार युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच उघडे होते. भारतीय मुलांसाठी डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासमध्ये, तर पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊटच्या संघटनांचे एकीकरण होऊन 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' ही संघटना अस्तित्वात आली. पुढील वर्षी गाईड चळवळही तिच्यात सामील झाली. एकेकाळी ज्या गणवेशापासून या देशातील मुलांना दूर ठेवले गेले, त्याच गणवेशावर आज राष्ट्रपतींच्या नावाचा सन्मान झळकतो.

आज सत्तरीत असलेल्या अनेकांनी शाळेत असताना तो गणवेश घातलेला आहे. 'खरी कमाई'चे कार्ड घेऊन घरोघरी फिरणे, कुणाची सायकल पुसणे, कुणाचे अंगण झाडणे आणि मिळालेले चार-आठ आणे कार्डावर नोंदवून घेणे, हे त्यांच्या स्मरणात असते. नातवाने तंबूची दोरी खुंट्याला बांधली, की आजोबांची नजर आधी गाठीकडे जाते ती यामुळेच. मुलाच्या कामाची पारख करणारा जाणकार प्रेक्षक त्याला घरातच लाभतो.

मात्र या अभिमानाची एक कसोटीही आहे. 'खरी कमाई'साठी नातू दारात उभा राहिला, की कार्डावर सही करून काम न करताच पन्नासची नोट त्याच्या हाती ठेवण्याचा मोह अनेक आजी-आजोबांना आवरत नाही. लॉगबुकातील चित्रे काढून देणे, शिबिराची पिशवी भरून देणे, भर पावसात सहल नको म्हणून शिक्षकांना दूरध्वनी करणे, हेही प्रेमापोटीच घडते. परंतु अशा मदतीने बॅज हाती आला, तरी त्यामागचे शिक्षण निसटते. मुलाने भात करपवला तर तो त्यानेच खावा आणि दुसऱ्या खेपेस आच बेताची ठेवावी, हीच या शिक्षणाची रीत आहे. आजोबांनी त्याला बागेला पाणी घालायला सांगावे, काम नीट झाले की नाही ते पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.

राज्य किंवा राष्ट्रपती पुरस्काराचा पुढे काही सवलतींसाठी उपयोग होतो, हे खरे. तथापि, सवलतीचा काळ संपल्यावरही अपघातग्रस्ताजवळ न घाबरता बसण्याचे, अनोळखी वाटेवर दिशा शोधण्याचे आणि दहाजणांत स्वतःच्या वाट्याचे काम न सांगता करण्याचे वळण अंगी राहते. आयुष्याचा मोठा पल्ला पाहिलेल्या आजोबांना हे वळण कधी कामी येते ते ठाऊक असते.

स्काऊट एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या नातवापुढे आजोबांनी डावा हात केला, तर त्या मुलाला पेढ्यांहून अधिक आनंद होईल. कारण हस्तांदोलनाची ही रीत स्काऊट स्काऊटशीच पाळतो.