अंगणांतील नक्षी कोठून येते?



परवां एका सुशिक्षित भगिनीनें मजजवळ एक तक्रार केली. तिचें घर शहरांत. अंगण असें नाहींच. तरी दारापुढच्या हातभर फरशीवर रोज सकाळीं रांगोळी घालण्याचा नेम तिनें सोडलेला नाहीं. "पण आतां नवें कांहीं सुचतच नाहीं," ती म्हणाली. "पुस्तकांतल्या रांगोळ्या काढून संपल्या. त्याच नकला उतरवितांना हात चालतो, पण मन भलतीकडेच असतें. मग छाप आणून ठेवला तर काय बिघडलें?" तिच्या या प्रश्नाला तेव्हां मला नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. पुढें वडगांव रासाईला जाण्याचा योग आला, आणि तें उत्तर मला तेथें सांपडलें. आज तेंच आपणांस सांगणार आहें.

वडगांव रासाई हें पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांत, भीमेच्या कांठीं वसलेलें गांव. रासाईदेवीचें नांव त्यास जोडलेलें आहे. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. चैत्राचे दिवस होते. एका घरापुढें सारवलेल्या जमिनीवर चैत्रांगण रेखलेलें होतें. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते. तेव्हांपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तें काढण्याची चाल आपणांस ठाऊक आहेच. मधें झोपाळ्यांतील गौर, वर सूर्यचंद्र, भोंवतीं शंख, चक्र, गदा, पद्म आणि स्वस्तिक. पण त्यांच्या शेजारीं तितक्याच मानानें फणी होती, करंडा होता, तुळशीवृंदावन होतें. कासव, हत्ती, नाग आणि गोपद्में होतीं. देवाचीं आयुधें आणि घरच्या बाईची फणी एकाच पंक्तीला! हें पाहून माझ्या मनांत आलें, ज्या कोणी प्रथम हें रेखिलें असेल, ती नक्षीच्या शोधांत दूर कोठें गेली नसावी. सकाळपासून जें तिच्या हाताखालून आणि डोळ्यांपुढून जाई, तेंच तिनें मांडलें.

गोपद्माचेंच पाहा. ओल्या जमिनीवरून गाय चालत गेली म्हणजे तिच्या दुभंगलेल्या खुराचा ठसा उमटतो. शेजारीं शेजारीं दोन लांबट पाकळ्या ठेवाव्या, तसा तो दिसतो. त्यांतला चिखल वगळला, पाकळ्यांची बांक तेवढी राखली, कीं झालें गोपद्म. चातुर्मासांत रोज तेहतीस गोपद्में काढण्याचें व्रत आपल्या आज्या-पणज्यांनीं केलें. तेहतीस वेळां तीच बांक! आकृति नवी नव्हती. पण प्रत्येक वेळीं ती नीट यावी म्हणून मन मात्र नव्यानें गोळा करावें लागे.

ही कला किती जुनी आहे, याची साक्ष ग्रंथांतूनही मिळते. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत तांदूळ व फुलें यांच्या रचनेची गणना आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे सुमारें ११३० मध्यें, धूलिचित्राचा निर्देश येतो.

दुपारीं आम्ही शेताच्या बांधावरून नदीकडे निघालों. रान मोकळें होतें आणि काळी जमीन उन्हानें भेगाळली होती. आपल्या दख्खनची ही काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे. पाणी पितांना ती फुगते आणि वाळतांना आकसते. त्या ओढाताणींत भेगा पडतात. प्रथम वाळणाऱ्या चिखलांत एक भेग दुसरीला बहुधा काटकोनांत येऊन मिळते. पण तीच माती पुनः पुनः भिजली आणि वाळली, कीं सांधे हळूहळू बदलतात. तीन भेगा सारख्या अंतरानें एका बिंदूपाशीं मिळूं लागतात, आणि मधले तुकडे षट्कोनी आकाराकडे झुकतात.

आतां ठिपक्यांची रांगोळी आठवा. चार ठिपक्यांची एक ओळ. तिच्याखालीं, दोन ठिपक्यांच्या मधला नेम धरून, पांचांची. मग सहा, सात, आणि पुनः सहा, पांच, चार. एकंदर ठिपके ३७ झाले आणि बाहेरची कड षट्कोनी झाली. कडेचे सोडले तर यांतील प्रत्येक ठिपक्याभोंवतीं सारख्या अंतरावर सहा ठिपके असतात. म्हणून तर या मांडणींत सहा पाकळ्यांचें फूल आपोआप फुलतें. ही मांडणी शेतांतल्या भेगांवरून आली, असें माझें म्हणणें नाहीं. पण सपाट जागा सारखी वांटावयाची झाली, तर माती जिकडे वळते तिकडेच बाईचीं बोटेंही वळतात, हें पाहून मला मोठें नवल वाटलें.

हात चालतांना मन निवतें, याचें कारणही या कामांतच आहे. शिरगोळ्याची भुकटी आंगठा व तर्जनी यांमधून सोडावयाची असते. हात थबकला तर ढीग पडतो, घाई केली तर रेघ तुटते. तेव्हां श्वासाला आणि हाताला एकच लय धरावी लागते. शिवाय ठिपके मोजलेले असतात. पुढें कोठें जावें ही चिंता नसते. मन मोकळेंही असतें आणि बांधलेलेंही. दक्षिणेकडील कोलमचा अभ्यास करून मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांतील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ मध्यें असें दाखविलें, कीं थोड्याशा नियमांवर भाषेंतील असंख्य वाक्यें उभीं राहतात, त्याप्रमाणेंच थोड्या नियमांनीं या आकृति वाढत जातात. अलीकडे अमेरिकेंत रिक रॉबर्ट्‌स आणि मारिया थॉमस यांनीं 'झेंटँगल' नांवाची रेखनपद्धति प्रचारांत आणली. लहानसा चौकोनी कागद, एक लेखणी, साध्या रेषांची पुनरावृत्ति, आणि खोडरबर वर्ज्य, असा तिचा थाट आहे. आपल्या उंबऱ्यापाशीं खोडरबर कधींच नव्हतें. भुकटी वांकडी पडली तर त्या वांकणाचीच पाकळी करावी लागते.

आतां त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळूं. छापाला माझा विरोध नाहीं. सणासुदीच्या गर्दींत तो उपयोगी पडतो. पण छापानें रेघ वांचते, तशी दृष्टीही वांचते. आणि जी दृष्टि वापरली नाहीं ती मंदावते. नवें सुचत नाहीं याचा अर्थ कल्पनाशक्ति आटली असा नव्हे. पाहणें थांबलें, एवढाच आहे.

यासाठीं खेड्यास जावें लागत नाहीं. उद्यां भाजी चिरतांना भेंडीची एक आडवी चकती हातीं घ्या. बहुधा पांच कप्प्यांचें फूल दिसेल. कोबी मधोमध कापा. पानांच्या घड्या पाहा. सूर्यफुलाच्या बियांचे फेरे मोजा. पुष्कळदां एका अंगानें ३४ आणि दुसऱ्या अंगानें ५५ भरतात. सुपाची वीण, गोधडीचे टाके, करंजीची मुरड, खिडकीच्या गजांची भिंतीवर पडलेली सावली, यांपैकीं दिवसाला एकच वस्तु निवडा आणि दोन मिनिटें नुसती पाहा. मग त्यांतील एकच लहान अंश घ्या. एखादी बांक, एखादा कोन. पाटीवर तो एकदां काढा, त्यासमोर उलटा काढा, आणि मग चार, पांच किंवा सहा दिशांस फिरवा. सर्व वस्तु उतरविण्याचा हव्यास धरूं नका. गाय कोणी काढीत नाहीं, तिचें पाऊल तेवढें काढतात.

वडगांवाहून निघतांना तें चैत्रांगण मीं पुनः पाहिलें. कोंबड्यांनीं अर्धी गौर विसकटली होती, आणि त्या घरच्या बाई शांतपणें धान्य पाखडीत बसल्या होत्या. "सकाळीं पुनः काढायचंच आहे," असें त्या म्हणाल्या, आणि सुपांतले खडे वेंचूं लागल्या.