खोली गुण्यात नव्हती!

माप घेण्यात कसले आले आहे शास्त्र, अशी माझी गेल्या दिवाळीपर्यंत समजूत होती. वृत्तांच्या मात्रा मोजून दाखवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याला दहा बाय बारा फुटांची खोली मोजता येऊ नये?

तेल्हाऱ्याचे आमचे घर काळ्या मातीवर उभे आहे. वऱ्हाडची ही माती कपाशीला माऊली, पण घराला मात्र सावत्र आई! पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, वैशाखात वाळून आक्रसते, आणि तिच्याबरोबर भिंती नि जमीनही हलतात. आईच्या खोलीतला सिमेंटचा कोबा असाच भेगाळून एका ठिकाणी कड वर आली होती. गेल्या वर्षी श्रावणात तिला अंगठा अडखळून आई पडली. मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये! "माझ्याकडे राहायला चल," म्हटले, तर उत्तर ठरलेले : "मले काय झालं बाप्पा? तू जमीन नीट करून दे. मी कुठी जात नाही."

म्हणून दिवाळीच्या सुटीत अकोल्याहून व्हिनायलची गुंडाळी घेऊन निघालो. आई त्याला मेणकापड म्हणते, आणि ते अगदीच चूक नाही. इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन याने १८६३ साली लिनोलियमचे पेटंट घेतले, तेही मेणकापडाच्याच कुळातले. ते जवसाच्या तेलापासून होई. म्हणजे आपल्या वऱ्हाडी चटणीतले जवसच की! पुढे १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन याने पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती काढली आणि जवसाची जागा प्लॅस्टिकने घेतली. दुकानात मी गुळगुळीत चकचकीत नमुना सोडून खरखरीत घेतला. ओल्या पायाखाली गुळगुळीत व्हिनायल घसरते.

पहिल्या दिवशी वर आलेली कड छिनीने उडवली, भेगा सिमेंटने भरल्या. खालचा खडासुद्धा वर उमटतो, हे मला ठाऊक होते. कोबा पुरता वाळू दिला, कारण ओल खाली कोंडली की बुरशी धरते. गुंडाळी खोलीत उलगडून रात्रभर पसरून ठेवली, म्हणजे तिचा पीळ जातो. इथवर सारे यथासांग झाले.

मग मी दहा नि बाराचा हिशेब मांडला, पट्टी लावली आणि पहिला पट्टा मापाबरहुकूम सरळ कापला. भिंतीला लावून पाहतो, तो एका कोपऱ्यात अगदी चपखल आणि दुसऱ्या कोपऱ्यात अडीच इंचांची पाचर उघडी!

शेजारचे सुतारकाका दारात उभे होते. "भाऊ, खोली गुण्यात नाही," ते शांतपणे म्हणाले. गुण्या म्हणजे काटकोन पाहायचे हत्यार. त्यांनी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी दोरी धरली, मग दुसरे दोन कोपरे घेतले. काटकोनी खोलीत ही दोन्ही मापे सारखी येतात. आमच्या खोलीत चार इंचांचा फरक! मातीने इतक्या वर्षांत खोलीची वैरण बांधल्यासारखी ओढाताण केली होती.

नशिबाने पन्हा साडेसहा फुटांचा होता आणि गुंडाळीत एक पट्टा जादा होता. या खेपेस पट्टा चहूकडून तीन इंच मोठा ठेवून भिंतीवर चढू दिला. कोपऱ्यात टोक छाटले, म्हणजे कापड दुमडत नाही. चौकटीच्या बाहेर आलेल्या कोनापाशी वरून जमिनीपर्यंत उभी चीर दिली. मग लाकडाच्या ठोकळ्याने सांध्यात दाबत दाबत, थोडे थोडे करून जादा भाग काढला. दाराच्या चौकटीच्या खाचांसाठी वर्तमानपत्राचा फर्मा केला (माझाच एक लेख त्यात कामी आला, त्याचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता). दोन पट्टे एकमेकांवर दोन इंच चढवून, लोखंडी पट्टी धरून दोन्ही एकदम कापले. सांधा केसाएवढासुद्धा दिसेना. तो खाटेपासून दाराकडे जाणाऱ्या वाटेवर येऊ दिला नाही.

भिंतीलगत पाव इंच फट मात्र मुद्दाम ठेवली. वर लाकडी पट्टी भिंतीला ठोकली, व्हिनायलला नाही. "घर सरकन, मेणकापड सरकू नये," असे काका म्हणाले. वाया गेलेला पट्टा आईने माठाखाली घातला.

यंदा मे महिन्यात गेलो, तेव्हा उत्तरेकडची पट्टी उचलून पाहिली. पाव इंचाची फट अर्ध्या इंचाची झाली होती. काय पाहतो आहे ते बघायला आई खाटेवरून उठून आली. अनवाणी, भिंतीला न धरता.