शिखराजवळून माघारी फिरलेले कर्नल



तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली एव्हरेस्टवर चढले हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्या २९ वर्षे आधी एक लष्करी अधिकारी शिखराच्या अगदी जवळ पोचले होते. त्यांचे नाव फार जणांना ठाऊक नसते. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे. त्यांचे नाव एडवर्ड फेलिक्स नॉर्टन.

नॉर्टन इंग्रज होते. त्यांचा जन्म १८८४ साली अर्जेंटिना देशात झाला. त्यांच्या आजोबांचे आल्प्स पर्वतात घर होते. तिथे त्यांना लहानपणीच डोंगर चढायची गोडी लागली. मोठेपणी ते तोफखान्यात अधिकारी झाले. नोकरीत असताना ते आपल्या भारतातही होते. पहिल्या महायुद्धात त्यांना शौर्याची पदके मिळाली.

१९२२ साली ते एव्हरेस्टच्या मोहिमेत होते. १९२४ साली परत गेले. तेव्हा नेपाळमधून जायला परवानगी नव्हती. म्हणून सगळी मंडळी दार्जिलिंगहून तिबेटातून गेली. वाटेत मोहिमेचे मुख्य जनरल ब्रूस हिवतापाने आजारी पडले. मग नॉर्टन मुख्य झाले.

मे महिन्यात मोठे संकट आले. सुमारे ७,००० मीटर उंचीवर चार हमाल अडकले. नवीन बर्फ पडून खाली यायची वाट धोक्याची झाली होती. नॉर्टन यांनी शिखराचे काम बाजूला ठेवले आणि आधी माणसे आणायची ठरवली. ते, मॅलरी आणि डॉक्टर सॉमरवेल वर गेले. सॉमरवेल कमरेला दोर बांधून पुढे सरकले, पण दोर कमी पडला. तेवढ्यात दोन हमाल घसरले आणि थोडे खाली जाऊन कसेबसे थांबले. सॉमरवेल यांनी कमरेचा दोर सोडला, एका हाताने त्याचे टोक धरले आणि दुसऱ्या हाताने त्या दोघांना ओढून घेतले. चारही हमाल वाचले. पण यात तिघांची पुष्कळ ताकद खर्च झाली.

मग ४ जून १९२४ हा दिवस उजाडला. नॉर्टन आणि सॉमरवेल शिखराकडे निघाले. त्यांच्याकडे प्राणवायूची नळकांडी नव्हती. एवढ्या उंचीवर हवा फार विरळ असते. आपल्याला एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच तिथे मिळतो. नॉर्टन मनात ठरवायचे, की आता न थांबता वीस पावले टाकायची. पण तेराच्या आसपास गेले की धाप लागायची. मग गुडघ्यावर कोपर टेकून थांबायचे.

सॉमरवेल यांचा घसा खराब झाला आणि ते थांबले. नॉर्टन एकटेच पुढे गेले. पुढचे दगड घराच्या कौलांसारखे उतरते होते आणि त्यांच्यावर भुसभुशीत बर्फ होते. पावसात कौलांवर चढलेल्या माणसाला विचारा, पाय कसा सटकतो ते! त्यात दोरही नव्हता. पाय नीट दिसावा म्हणून त्यांनी काळा चष्मा काढला होता, आणि आता एकाचे दोन दिसू लागले होते. शेवटच्या एका तासात ते फक्त तीस मीटर वर चढले. दुपारी एक वाजता ते ८,५७३ मीटरवर होते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. तशी पाच एकावर एक ठेवली तरी ती त्यांच्या खालीच राहतील.

शिखर फक्त पावणेतीनशे मीटर वर होते. सपाटीवर एवढे अंतर आपण मधल्या सुट्टीत पळत जाऊन येतो. पण नॉर्टन माघारी फिरले. पुढे गेलो तर परत येणार नाही, हे त्यांनी ओळखले.

झाडावर चढताना कुणी मधूनच उतरला, तर मुले त्याला भित्रा म्हणून चिडवतात. मग नॉर्टन यांना भित्रा म्हणायचे का? मला तर वाटते, नाही.

त्याच रात्री नॉर्टन यांना दिसायचे बंद झाले. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात, त्याला हिमांधत्व म्हणतात. सुमारे अडीच दिवसांनी त्यांना परत दिसू लागले. नंतर ८ जूनला मॅलरी आणि आयर्विन शिखराकडे गेले, ते परत आलेच नाहीत. मॅलरी यांचा देह १९९९ साली सापडला.

मंडळींनी परत निघण्याआधी तळावर दगडांचे स्मारक रचले. तिन्ही मोहिमांत गेलेल्या बारा जणांची नावे त्यावर कोरली. त्यात साहेबांच्या बरोबरीने हमालांचीही नावे होती. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली.

नॉर्टन १९५४ साली वारले. म्हणजे तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचल्याची बातमी त्यांच्या हयातीतच आली. नळकांड्यांशिवाय शिखर गाठायला मात्र १९७८ साल उजाडले. ते मेसनर आणि हाबेलर या दोघांनी केले.

यावरून काय शिकायचे? पुढे जायला धाडस लागते. पण कुठे थांबायचे हे ओळखायला आणि सोबतच्या माणसांना सांभाळायलाही धाडसच लागते.